साठीनंतरची पेटी

निवृत्त माणसाला ठाण्यात गाण्याची टंचाई नाही. दिवाळी पहाटेला तलावपाळी माणसांनी फुलते, गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम लागतात, खाडीपलीकडे वाशीला भावे नाट्यगृह आहे. नवी मुंबईतल्या विरंगुळा केंद्रांत कराओकेचा स्पीकर घेऊन कोणी ना कोणी बसलेलं असतं. घरी मोबाइल तर दिवसभर वाजतोच. त्यामुळे मुलं समाधानानं सांगतात, ‘बाबा गाण्यात रमलेत, मेंदू ताजा राहील.’

रमणं चांगलंच आहे. मन हलकं होतं, झोप बरी लागते, एकटेपणा कमी होतो. पण पाठ असलेलं गाणं पाठीमागे वाजत असताना मेंदूला फारसं काही करावं लागत नाही. मेंदूला काम लागतं ते नवीन, थोडं न जमणारं काही शिकताना. म्हणून साठी-पासष्टीच्या माणसानं, आयुष्यात एकही वाद्य हातात घेतलं नसलं तरी, पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आधी पुरावा काय आहे ते नीट पाहू, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास आला. वाचन, बैठे खेळ, नाच आणि वाद्य वाजवणं, या चार सवयी असलेल्यांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण कमी आढळलं. यात एक अडचण आहे. डिमेन्शियाचं निदान होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून माणूस एकेक छंद सोडू लागतो. मग वाजवल्यामुळे मेंदू टिकला, की मेंदू टिकला म्हणून वाजवणं टिकलं? ही गाठ थोडी सोडवायला जुळ्यांचा अभ्यास उपयोगी पडतो, कारण जुळ्यांचं घर आणि बालपण एकच असतं. स्वीडनमधल्या जुळ्यांवरच्या अशा अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, वाद्य वाजवणाऱ्या भावंडाला डिमेन्शिया होण्याची शक्यता ६४ टक्क्यांनी कमी दिसली. मात्र एक वाजवतो आणि दुसरा नाही अशा जोड्या मोजक्याच होत्या, त्यामुळे हा आकडा कोरून ठेवण्यासारखा नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो जिनिव्हा आणि हॅनोव्हरमधला प्रयोग, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. ६२ ते ७८ वयाचे १३२ निवृत्त लोक, कोणीही पूर्वी वाद्य न शिकलेला. काहींना पियानो शिकवला, बाकीच्यांना संगीत कसं ऐकायचं ते शिकवलं: वाद्यं ओळखणं, रचनेचे भाग ओळखणं, शैली समजून घेणं. आठवड्याला एक तास वर्ग, रोज अर्धा तास घरचा अभ्यास, सहा महिने. दोन्ही गटांत कार्यरत स्मृती, म्हणजे ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करण्याची ताकद, सुधारली आणि लहान मेंदूतल्या काही भागांत करड्या द्रव्याची, म्हणजे चेतापेशींनी भरलेल्या भागाची, वाढ दिसली. उजव्या श्रवणकेंद्रातलं करडं द्रव्य पियानो गटात टिकलं, ऐकणाऱ्यांच्या गटात मात्र घटलं. म्हणजे लक्ष देऊन, अभ्यास म्हणून केलेलं ऐकणंही कामाचं आहे. हात घातला तर आणखी थोडं मिळतं. डिमेन्शिया टळतो, असं या प्रयोगानं सिद्ध केलेलं नाही आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आता पेटीच का? साठीनंतर बासरीला फुंक पुरत नाही, गिटार-सतारीच्या तारा बोटांची टोकं दुखवतात, तबल्याला जमिनीवर तासभर बसावं लागतं. पेटीची पट्टी हलक्या दाबानं खाली जाते, सूर लावत बसावं लागत नाही आणि पहिल्या दिवशी ‘सा’ हा ‘सा’च वाजतो. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नेमक्या नाहीत, ही शास्त्रीय गायकांची तक्रार खरी आहे. पासष्टाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला तिनं काही अडत नाही.

घेताना साडेतीन सप्तकांची, खर्ज (खालचा) आणि नर (मधला) अशा दुहेरी सुरांची साधी पेटी घ्यावी. वयानं कानाची वरच्या स्वरांची धार आधी जाते, त्यामुळे खर्जाचा भरदार आवाज ऐकायला सोपा जातो. कपलर असला तरी वापरू नये. एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी ओढली जाते आणि बोटाला दाब जास्त द्यावा लागतो. सांधेदुखी असलेल्या बोटांना तो फरक लगेच कळतो. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्यांची अख्खी रांग सरकवून ‘सा’ बदलणारी पेटी, तर मुळीच नको. एक तर ती पेटी जड असते, दमट हवेत तिची यंत्रणा कुरकुरते. आणि मुख्य म्हणजे ‘सा’ हलवण्याचं जे काम मेंदूनं करायचं, तेच ती परस्पर करून टाकते. दुकानात सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरावा आणि थांबावं. हवा भराभरा सुटत असेल तर भाता किंवा आतलं चामडं गळतंय, आणि ती पेटी वाजवताना डावा खांदा रोज दुखेल.

बसण्याची जागा हा तर बहुतेक जणांचा पहिला अडसर. गुडघे साथ देत नाहीत म्हणून पेटी डायनिंग टेबलावर चढते. टेबल पाऊण मीटर, वर पेटीची उंची वीस-पंचवीस सेंटिमीटर. खांदे कानांपर्यंत उचलून वाजवावं लागतं आणि आठवड्यात मान धरते. पट्ट्या कोपराच्या पातळीला याव्यात. बिनहाताची खुर्ची आणि ४५ सेंटिमीटरच्या आसपासचा भक्कम टीपॉय, एवढं बहुतेकांना पुरतं. भाता खांद्यानं न ओढता मनगट आणि कोपर वापरून, निम्माच उघडून हळू दाबावा. नवशिके प्रत्येक स्वराला भाता मारतात, त्यामुळे आवाज गचके खातो आणि हात दमतो. मधुमेहामुळे ज्यांचा डावा खांदा आखडला आहे त्यांनी हात सरळ बदलावेत: उजव्यानं भाता, डाव्यानं वाजवणं. त्यात काही चुकीचं नाही.

सुरुवात पांढऱ्या पट्ट्यांपासून करायची प्रथा आहे. मी उलट सुचवेन: फक्त पाच काळ्या पट्ट्या. त्या उंच असतात, मोतीबिंदू असला तरी बोटांना सापडतात. दोनांचा एक जुडगा, तिनांचा एक जुडगा. दोनांच्या जुडग्यातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन. तिनांच्या जुडग्यात काळी तीन, चार आणि पाच. काळी तीनला ‘सा’ मानून ओळीनं काळ्या पट्ट्याच दाबत वर गेलं, की सा रे ग प ध सां मिळतो, म्हणजे भूप. पांढऱ्या पट्टीला हात न लावता. पहिल्याच दिवशी राग वाजतो, ही गोष्ट पासष्टीच्या विद्यार्थ्याला फार बळ देते.

भुपात आधी सरळ आरोह-अवरोह, मग अलंकार: सारेग, रेगप, गपध, पधसां, उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. वाजवताना सरगम मोठ्यानं म्हणायचीच. बोट, कान आणि जीभ एकाच वेळी एकाच स्वरावर आणणं हा यातला खरा व्यायाम आहे, आणि पहिले आठ-दहा दिवस तो जमत नाही. बोट ‘प’वर गेलेलं असतं, तोंडून ‘म’ निघतो. कारण आयुष्यभर सा-रे-ग-म हीच साखळी जिभेवर बसलेली आहे, आणि भुपात ‘म’ वगळायचा असतो. ती सवय रोखून धरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे. म्हणून अडखळणं कमी करण्यासाठी सरगम म्हणणं सोडू नये. लय कमी करावी. तबल्याचं किंवा मेट्रोनोमचं ॲप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका ठोक्याला एक स्वर, एवढंच.

दोन-तीन आठवड्यांत भूप हाताखाली बसला की खरी मजा सुरू होते. त्याच पाच पट्ट्या, पण ‘सा’ सरकवायचा. काळी चारला ‘सा’ धरला तर सा रे म प आणि कोमल (अर्ध्या सुरानं उतरलेला) नी मिळतात: मधमाद सारंग. काळी पाचला धरला तर ग, ध, नी कोमल आणि पंचम गायब: मालकंस. काळी एकवरून सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनवरून सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. पट्ट्या त्याच, बोटं तीच, आणि पाच वेगळे राग. आपल्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात ती हीच गोष्ट, आणि म्हाताऱ्या मेंदूसाठी याहून चांगला खेळ मला ठाऊक नाही. काल जी पट्टी ‘ग’ होती ती आज ‘सा’ झालेली असते. जुनं नाव पुसून नवं लावायचं, आणि परवा पुन्हा पुसायचं.

यात चूक ठरलेली आहे. मालकंस वाजवायला घेतात, पण कान भुपातच अडकलेला असतो. ओळ काळी पाचवर संपण्याऐवजी बोट आपसूक काळी तीनवर येऊन थांबतं आणि सगळं भुपासारखं ऐकू येतं. याला उपाय तानपुऱ्याचा. मोबाइलवरचं तानपुरा ॲप नव्या ‘सा’वर लावायचं, दोन मिनिटं काही न वाजवता फक्त ऐकायचं, मग सुरुवात. मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावायची. ॲपमध्ये तशी सोय असते. ती न केल्यास तानपुऱ्यातला पंचम सतत खटकत राहतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. एका ‘सा’वर किमान दोन आठवडे द्यावेत. पाचही झाले की रोज दोन निवडून पाच-पाच मिनिटांनी अदलाबदल करावी. हे फार दमवतं. दमवतं म्हणूनच करायचं.

वेळ किती? सलग तासापेक्षा सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं जास्त पदरात पडतात. या वयात नवी गोष्ट बसायला मधली विश्रांती आणि रात्रीची झोप लागते. गाणं बसवताना सगळ्यांचा एक दोष असतो: दर वेळी मुखड्यापासून सुरुवात. मुखडा लोण्यासारखा होतो आणि दुसरा अंतरा कायम कच्चा राहतो. आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या अंतऱ्यापासूनच सुरू करावं. आणि वही पाहून वाजवणं पंधरा दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नये. कागद मिटून चुकत चुकत आठवणं हेच स्मृतीचं काम.

तालाला पेटीही लागत नाही. झपतालाच्या दहा मात्रा, धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडणं) सहाव्या मात्रेला. हातानं हे चालू ठेवून तोंडानं दुगुन म्हणायची: सहाव्या मात्रेपासून सुरू केलं तर दहा बोल पाच मात्रांत संपून नेमकी सम, म्हणजे पहिली मात्रा, येते. हात एका लयीत, जीभ दुप्पट लयीत. सुरुवातीला हातही जिभेमागे पळू लागतो. तेव्हा दुसऱ्या कोणीतरी टाळी धरावी. कचराळी तलावाच्या किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या सपाट वाटेवर चालताना पावलांवर सहा मात्रांचा दादरा मोजणारेही आहेत. तोल पक्का असेल तरच हे करावं. चालताना डोकं दुसऱ्या कामात गुंतलं की उतारवयात पडण्याचा धोका वाढतो, त्यामुळे जिन्यावर आणि रस्ता ओलांडताना ताल बंद.

पायऱ्या ठरवून देणारी पद्धत हवी असेल तर ती आपल्या उंबऱ्यावर आहे. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यपरंपरेनं १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि या मंडळाचं संकुल वाशीत आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा अशा त्यांच्या परीक्षा आहेत. परीक्षा द्या न द्या, अभ्यासक्रम जवळ ठेवा. अवघडपणा टप्प्याटप्प्यानं कसा वाढवायचा, हे एकट्यानं ठरवणाऱ्याला जमत नाही. तो सोप्याच गाण्यांभोवती फिरत राहतो.

हे सगळं कानावर उभं आहे आणि कानाकडे आपण सर्वांत शेवटी बघतो. २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगानं डिमेन्शियाला हातभार लावणारी, टाळता किंवा सुधारता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ऐकू कमी येणं हे त्यांतल्या मोठ्या कारणांपैकी एक. २०२३ साली अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्रांचा प्रयोग झाला. सर्वांची सरासरी काढली तर तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही; पण ज्यांना धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात ही घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणून पेटी घेण्याआधी कानातला मळ काढून ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्यावी. आणि यंत्र लावत असाल तर हे आवर्जून सांगा: नेहमीच्या सेटिंगवर पेटीचा लांब स्वर किंवा तानपुरा थरथरतो, घुमतो, बेसूर वाटतो. यंत्र त्या अखंड स्वराला शिट्टी समजून दाबायला जातं. ऑडिओलॉजिस्टकडे वेगळा ‘म्युझिक प्रोग्रॅम’ मागावा, ज्यात शिट्टी दाबणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद किंवा मंद केलेली असते. हे न कळल्यामुळे माणसं यंत्र काढून ठेवतात, किंवा गाणं सोडतात.

कराओकेबद्दल लिहिताना मला वाईट बोलायचं नाही. त्यानं कित्येक एकट्या माणसांना मित्र दिले आहेत. फक्त दोन गोष्टी बदलाव्यात. पडद्यावरचे शब्द वाचत गायलं की आठवणीला काम उरत नाही, तेव्हा महिन्याला एक गाणं पूर्ण पाठ करून, पडद्याकडे पाठ करून गावं. एको कमी ठेवावा, तो बेसूर झाकतो. आणि आवाज! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलला ती मर्यादा ४ तासांवर येते. बंद हॉलमध्ये दोन स्पीकर लावले तर नव्वदी सहज गाठली जाते. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतं पुरतं.

शब्द पाठ ठेवण्यात आपल्या भागाचा वारसा मोठा आहे. आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारिणी लांबच लांब गीतं कागदाशिवाय म्हणतात. नवी मुंबईच्या गावठाणांतल्या भजनी मंडळांत हरिपाठ, अभंग आणि पखवाजाची साथ असते. तिथं एकाच वेळी शब्द आठवायचे, टाळ लयीत धरायचा, बुवांच्या ओळीवर लक्ष ठेवायचं आणि नेमक्या जागी झेलायचं, एवढी कामं चालतात. वर माणसं भेटतात. सोसायटीच्या सत्संगात नुसतं मागे बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुढे येऊन टाळ हातात घ्यावेत.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत पट्ट्या फुगून अडकतात, आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी स्वरपट्ट्या काळवंडतात, उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात. पेटी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नये, पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, स्टॉप बंद ठेवावेत, तेल घालू नये. अडकलेली पट्टी पेटीवाल्याकडून लगेच करून घ्यावी. ज्येष्ठ माणूस बऱ्याचदा पेटीचा दोष स्वतःच्या बोटांवर घेतो आणि वाजवणं थांबवतो.

ज्या घरात डिमेन्शिया आधीच आला आहे तिथं शिकवण्याचा आग्रह धरू नये. तिथं जुनं गाणं कामाला येतं. ओळखीच्या गाण्यांची आठवण सांभाळणारे मेंदूचे काही भाग अल्झायमरमध्ये तुलनेनं उशिरा खराब होतात, म्हणून नाव विसरलेली माणसंही अख्खा अंतरा म्हणतात. अंघोळीआधी किंवा संध्याकाळची घालमेल सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, जाहिराती मध्ये येणार नाहीत अशी फाइल, शेजारी कोणीतरी बसलेलं. चेहरा ओढला किंवा डोळे भरले तर बंद.

यासाठी लागणारी यादी मात्र आजार नसतानाच करायची असते. आई-वडिलांच्या पंधरा ते पंचवीस या वयातली गाणी सर्वांत खोल रुजलेली असतात, आणि ती त्यांची त्यांनाच माहीत. वीस-पंचवीस गाणी, आरत्या, ओव्या, शाळेतल्या कविता एका वहीत घ्या, आणि प्रत्येकीपुढे पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गातात ते, लिहा: आई काळी चारमध्ये गाते, बाबा पांढरी एकमध्ये. मुलांनी स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाणं धरलं तर वरच्या स्वराला आवाज पोहोचत नाही आणि माणूस दुसऱ्या ओळीला गप्प होतो. घरच्यांना वाटतं गाणंही विसरलं. पट्टी दरवर्षी तपासून घ्या. उतारवयात बायकांचा आवाज खाली येतो, वरच्या स्वरांची झेप दोघांचीही कमी होते, आणि वहीतली काळी चार खोडून पांढरी पाच लिहावी लागते.